मिलानमध्ये फॅशनवाले जेवतात कुठे, आणि तिथे टेबल मिळवायचे कसे

मी शिक्षणासाठी पुण्याहून मिलानला आले आणि पुढे इथल्याच एका शोरूममध्ये नोकरीला लागले. इथे शोरूम म्हणजे गाड्यांचे दुकान नव्हे; जगभरच्या दुकानांचे खरेदीदार ज्या ठिकाणी बसून पुढच्या हंगामाचे कपडे पाहतात आणि मागणी नोंदवतात, त्या जागेला शोरूम म्हणतात. या खरेदीदारांच्या जेवणाची टेबले राखून ठेवण्याचे काम शोरूममधल्या सर्वांत नव्या कर्मचाऱ्याकडे येते, आणि पहिली दोन वर्षे ते माझ्याकडे होते. त्या काळात मी जेवढे नकार ऐकले आणि जेवढ्या चुका केल्या, त्यांतल्या निम्म्या तरी तुमच्या टळाव्यात म्हणून हे लिहीत आहे. फॅशन शिकायला येणारे विद्यार्थी, तयार कपड्यांच्या व्यवसायानिमित्त येणारी मंडळी आणि निव्वळ हौसेने येणारे पर्यटक, या तिघांनाही ते उपयोगी पडेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. दारावर एखाद्या मोठ्या फॅशन घराण्याचे नाव असलेल्या उपाहारगृहात त्या क्षेत्रातली माणसे जेवत असतील, अशी नवख्याची समजूत असते. प्रत्यक्षात अशा जागी गर्दी असते ती बहुतेक आपल्यासारख्यांचीच. धंद्यातली माणसे सकाळची कॉफी आणि संध्याकाळचे पेय तिथे घेतात, पण जेवायला मात्र पांढऱ्या टेबलक्लॉथच्या जुन्या ठिकाणी जातात, कारण तिथला वेटर त्यांना नावाने ओळखतो आणि त्यांची नेहमीची जागा त्याला ठाऊक असते. म्हणून या शहरात काय घालून जावे यापेक्षा कोणत्या वेळी कुठे जावे हे कळणे जास्त महत्त्वाचे आहे.

१. सर्वांत आधी कॅलेंडर पाहा

मिलानमध्ये स्त्रियांच्या कपड्यांचा फॅशन वीक फेब्रुवारीच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात असतो; पुरुषांच्या कपड्यांचा जानेवारी आणि जूनमध्ये. एप्रिलमध्ये फर्निचरचे मोठे प्रदर्शन, सालोने देल मोबिले, भरते आणि त्या आठवड्यात शहरातली गर्दी फॅशन वीकलाही मागे टाकते. या दिवसांत मध्यवर्ती भागातली रात्रीची टेबले कंपन्यांनी कितीतरी आधी अडवून ठेवलेली असतात. तुम्हाला ही मंडळी दुरून पाहायची असतील तर त्या आठवड्यात जरूर या, पण जेवणाची अपेक्षा दुपारपुरती ठेवा.

एक युक्ती मला फार उशिरा कळली. फॅशनचा तांडा न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस याच क्रमाने फिरतो. मिलानचा शेवटचा शो संपला की दुसऱ्याच दिवशी बहुतेक जण पॅरिसच्या वाटेला लागतात, आणि काल जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आज सहज टेबल मिळते. तारखा तुमच्या हातात असतील तर फॅशन वीकचा शेवटचा दिवस आणि त्यानंतरचे तीन दिवस निवडा. गर्दी पाहून होते आणि जेवणही पदरात पडते.

ऑगस्टमध्ये मात्र येऊ नका. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे शहर रिकामे होते आणि चांगली ठिकाणे दोन-तीन आठवडे कुलूप लावून बसतात. एरवीही बऱ्याच ठिकाणांना रविवारी किंवा सोमवारी सुट्टी असते, ती त्या त्या ठिकाणी आधी तपासावी.

२. सोबत काय असावे

परदेशी व्यवहारांसाठी सुरू करून घेतलेले क्रेडिट कार्ड हवे, कारण टेबल राखताना अनेक जागी कार्डाचा क्रमांक मागतात. देशाच्या क्रमांकासह लागणारा, म्हणजेच रोमिंग चालू असलेला किंवा इथले सिम घातलेला फोन हवा; जेवणाच्या दिवशी खात्रीसाठी फोन येतो आणि तो उचलला नाही तर टेबल जाऊ शकते. थोडे सुटे युरो, आणि आहाराविषयीची दोन वाक्ये इटालियनमध्ये लिहिलेला कागद. तो कागद कशासाठी, हे सहाव्या पायरीत येईल.

कपड्यांविषयी इतकेच, की या क्षेत्रातली माणसे कामावर असताना बहुधा काळे किंवा गडद निळे, साधे आणि अंगाला नीट बसणारे कपडे घालतात. मोठमोठी बोधचिन्हे मिरवणारा माणूस हा गिऱ्हाईक आहे, हे वेटर दारातच ओळखतो. रात्रीच्या जेवणाला हाफ पँट आणि सपाता टाळा, बाकी चिंता करू नका.

३. सकाळ : कॉफी उभ्याने घ्या

मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने मोंतेनापोलेओने या स्थानकावर उतरा. याच नावाचा रस्ता दुकानांच्या भाड्याच्या बाबतीत २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूला मागे टाकून जगात पहिला आला. या रस्त्यावर आठ आणि नऊ क्रमांकांच्या इमारतींत दोन जुनी मिठाईघरे आहेत. आठमध्ये १८१७ साली स्थापन झालेले कोवा आहे. ते आधी ला स्काला या ऑपेरागृहाजवळ होते, १९५० मध्ये इथे आले आणि २०१३ मध्ये त्याचा मोठा हिस्सा लुई व्हितॉनची मालकी असलेल्या फ्रेंच समूहाने घेतला. नऊमध्ये मार्केझी आहे. हे घराणे १८२४ चे, आणि त्यात २०१४ पासून मोठा वाटा प्रादाचा आहे. कपड्यांच्या बाजारातले दोन प्रतिस्पर्धी एकाच रस्त्यावर केक आणि कॉफीच्या निमित्ताने एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत, ही गंमत इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी दाखवते.

आता रीत. आत शिरल्यावर थेट टेबलाकडे जाऊ नका. 'आल बांको' म्हणजे काउंटरपाशी उभे राहून कॉफी घेतली, तर ती साधारण दीड-दोन युरोंत मिळते. तीच कॉफी बसून घेतली की तिची किंमत काही पटींनी वाढते. यात फसवणूक नाही, दोन्ही दर लावलेले असतात. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची असते, काही ठिकाणी आधी पिऊन मग पैसे द्यायचे असतात. शेजारचा काय करतो ते अर्धा मिनिट पाहिले की कळते. सकाळी साडेआठच्या सुमारास मार्केझीच्या काउंटरवर उभे राहिलात, तर आसपासच्या दुकानांतले विक्रेते, शिवणकामाच्या खोलीतून आलेली, गळ्यात अजून मोजपट्टी असलेली एखादी बाई आणि फोनवर बोलत एका घोटात एस्प्रेसो संपवणारा एखादा व्यवस्थापक असे सगळे एका ओळीत दिसतात. चार मिनिटांत ओळ बदलते. मला विचाराल तर मिलानची फॅशन पाहायला याहून स्वस्त तिकीट नाही.

दूध घातलेली कपुचिनो सकाळी अकरापर्यंतच प्यायची असा इथला संकेत आहे. दुपारी जेवणानंतर मागितलीत तर मिळेल, पण वेटरच्या भुवया वर जातील.

४. पहिले मोठे जेवण दुपारचे घ्या

दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात स्वयंपाकघर चालू असते, त्यानंतर थेट संध्याकाळी. तीन वाजता भूक लागली तर चांगल्या ठिकाणी काही मिळत नाही, हे आपल्याकडून आलेल्यांना फार जड जाते. दुपारी टेबल मिळण्याची शक्यता रात्रीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि फॅशनमधली कामाची बोलणी खरे तर दुपारीच होतात.

मोंतेनापोलेओनेला लागून असलेल्या गल्ल्यांत अशी ठिकाणे आहेत. बागुत्ता गल्लीत १९७७ पासून पेपर मून आहे. तिथली रुंद पट्ट्यांची पास्ता प्रसिद्ध आहे, पण तिच्या गुलाबी सॉसमध्ये डुकराचे मांस असते, म्हणून न खाणाऱ्यांनी तिथला पातळ, कुरकुरीत पिझ्झा मागवावा. बोर्गोस्पेस्सो गल्लीतले बीचे बेआत्रिचे रुज्जेरी या तोस्काना प्रांतातून आलेल्या बाईंनी १९२६ मध्ये सुरू केले; 'बीचे' हे बेआत्रिचेचेच लाडके रूप. जुन्या पिढीतले खरेदीदार आजही हे नाव आधी घेतात.

दुपारचाच वेळ फोंदात्सिओने प्रादासाठीही चांगला. शहराच्या दक्षिणेला, लोदी टी.आय.बी.बी. स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एका जुन्या मद्याच्या कारखान्यात हे कलासंकुल २०१५ मध्ये सुरू झाले. त्यातले बार लूचे हे उपाहारगृह वेस अँडरसन या चित्रपट दिग्दर्शकाने जुन्या मिलानी कॅफेंच्या धर्तीवर रचले आहे, आणि तिथे बसायला प्रदर्शनाचे तिकीट लागत नाही. संकुल मंगळवारी बंद असते.

५. टेबल राखून ठेवणे

ही पायरी सावकाश वाचा, कारण बहुतेकांचे इथेच बिनसते. संकेतस्थळावर किंवा ॲपवर 'जागा नाही' असे दिसले तरी आशा सोडू नका. जुनी ठिकाणे काही टेबले फोनवर मागणाऱ्यांसाठी ठेवतात. सकाळी अकरा ते बारा या वेळात, म्हणजे स्वयंपाकाची धांदल सुरू होण्यापूर्वी, फोन करा. 'वोर्रेई प्रेनोतारे उन तावोलो पेर दूए' (मला दोघांसाठी टेबल राखायचे आहे) एवढे वाक्य इटालियनमध्ये म्हणा. पुढे इंग्रजीत बोललात तरी चालते, पण सुरुवातीने पलीकडचा आवाज मऊ होतो.

मग प्रश्न येतो नावाचा. माझे आडनाव 'द'ने सुरू होते आणि पाच अक्षरांचे आहे, त्यामुळे पहिल्या महिन्यात माझ्या नावाची जी रूपे इथल्या वह्यांत उमटली ती घरी सांगून आम्ही खूप हसलो. इटालियन माणसे फोनवर अक्षरे गावांच्या नावांनी सांगतात : ए म्हणजे आंकोना, एस म्हणजे साव्होना, डी म्हणजे दोमोदोस्सोला. आपल्या आडनावाची ही यादी कागदावर करून फोनजवळ ठेवा, किंवा सरळ छोटे पहिले नाव द्या. ज्या नावाने टेबल राखले तेच नाव दारात सांगायचे असते, हे मात्र विसरू नका.

सर्वांत मोठा सापळा माणसांच्या संख्येचा आहे. आपल्याकडे तिघांचे ठरले आणि चौथा सोबत आला तर खुर्ची ओढून घेतात. एका फॅशन वीकमध्ये मी तिघांचे टेबल राखले, आम्ही चौघे निघालो आणि ट्रामची वाट पाहण्यात पंचवीस मिनिटे उशीरही झाला. दारातल्या बाईंनी अतिशय नम्रपणे सांगितले की टेबल दिले गेले आहे, आणि माझ्या कार्डावरून तीन माणसांचे न येण्याचे शुल्क वळते झाले. मला राग आला होता. नंतर नियम वाचला तेव्हा दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या निघाल्या. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर फोन करा, आणि माणूस वाढला किंवा कमी झाला तर आदल्या दिवशीच कळवा.

टेबल कुठे मिळते याचेही एक शास्त्र आहे. लग्नाच्या पंगतीत मानाचे पाट कुणाचे आणि दाराजवळचे कुणाचे, हे आपल्याला सांगावे लागत नाही. इथेही तसाच पंक्तिप्रपंच चालतो. भिंतीला पाठ लावून सगळे दालन दिसेल अशी टेबले नेहमीच्या लोकांची, आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवरची नवख्यांची. पहिल्या भेटीत वाद घालू नका. तिसऱ्या भेटीपर्यंत तुम्ही आपोआप दोन टेबले पुढे सरकलेले असता.

६. शाकाहारी असाल, किंवा गोमांस खात नसाल तर

मिलानची ओळख म्हणजे केशर घातलेला पिवळाधमक रिसोत्तो. तो टेबलावर येतो तेव्हा पसरट ताटलीत ओतल्यासारखा, कडेपर्यंत पसरलेला असतो. वेटर ताटली किंचित हलवतो आणि भातावर लाट उठते. माझ्या आईला तो पाहून केशरी भाताची आठवण झाली होती आणि तिने चमचा उचललाही होता. पारंपरिक कृतीत मात्र या भातासाठी बैलाच्या हाडातला मगज परततात आणि तो मांसाच्या रश्श्यात शिजवतात. वर मांसाचा एकही तुकडा दिसत नसल्याने हा पदार्थ शाकाहारी समजून खाणारे आपले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. म्हणून विचारा : 'चे मिदोल्लो? चे ब्रोदो दि कार्ने?' म्हणजे यात मगज आहे का, मांसाचा रस्सा आहे का. काही ठिकाणी भाज्यांच्या रश्श्यात करून देतात.

दुसरे, खाद्यसूचीत 'वितेल्लो' म्हणजे वासराचे मांस आणि 'मान्झो' म्हणजे गोमांस. कोतोलेत्ता आणि ओस्सोबुको हे मिलानचे दोन्ही प्रसिद्ध पदार्थ वासराच्या मांसाचे असतात. पार्मिजानो चीज करताना दूध विरजायला वासराच्या जठरातले विकर वापरतात, आणि ते चीज इथे जवळजवळ सगळ्यावर किसून घालतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधी सांगावे. जैन मंडळींसाठी अडचण मोठी आहे, कारण बहुतेक सॉसची सुरुवातच कांद्याने होते.

कागदावर लिहायची वाक्ये अशी : 'नोन मांजो कार्ने ने पेशे' (मी मांस आणि मासे खात नाही) आणि 'सेंत्सा ब्रोदो दि कार्ने' (मांसाच्या रश्श्याशिवाय). नुसते 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर हॅम काढून तोच पदार्थ पुढे आल्याचे मी अनुभवले आहे.

खास शाकाहारी आणि तरीही उंची जेवण हवे असेल तर पोर्ता वेनेत्सियाजवळचे जोइया आहे. पिएत्रो लेमान यांनी ते १९८९ मध्ये सुरू केले आणि १९९६ मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळवणारे ते युरोपातले पहिले शाकाहारी उपाहारगृह ठरले. खर्चिक आहे, म्हणून मी विद्यार्थ्यांना दुपारी जायला सांगते.

७. संध्याकाळ : आपेरितीवो

साधारण साडेसहा ते नऊ ही जेवणापूर्वीच्या पेयाची वेळ. सोबत ऑलिव्ह, वेफर्स, पावाचे छोटे तुकडे येतात. पेयाच्या किमतीत ते धरलेले असल्याने वेगळे पैसे पडत नाहीत, पण ते जेवण समजून ताटल्या भरणे बरे दिसत नाही. मद्य न घेणाऱ्यांनी 'आनाल्कोलिको' मागावे. कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

यासाठी एकच जागा निवडायची तर मी प्लिनियो रस्त्यावरचे बार बास्सो निवडेन. लाल मार्गावरचे लिमा स्थानक त्याला जवळ पडते. मिर्को स्तोक्केत्तो यांनी १९६७ मध्ये हा बार घेतला. १९७२ च्या सुमारास नेग्रोनी हे कॉकटेल करताना जिनऐवजी चुकून स्पार्कलिंग वाइन ओतली गेली, आणि त्या चुकीतून नेग्रोनी स्बाल्यातो, म्हणजे अक्षरशः 'चुकलेला नेग्रोनी', जन्माला आला. तो तळहातात न मावणाऱ्या प्रचंड चषकात, बर्फाच्या एकाच मोठ्या ठोकळ्यासह येतो. एप्रिलच्या प्रदर्शनात इथली गर्दी रस्त्यावर येते, आणि जगभरचे डिझायनर पदपथावर चषक हातात धरून उभे असतात. सिगारेटबाबत लक्षात असू द्या, की १ जानेवारी २०२५ पासून मिलानमध्ये उघड्यावरही, दुसऱ्या माणसापासून दहा मीटर दूर असल्याशिवाय, धूम्रपानाला बंदी आहे.

८. रात्रीचे जेवण

साडेसातला पोहोचलात तर आत तुम्ही आणि परदेशी पर्यटक असाल. धंद्यातली माणसे साडेआठ-नऊला येतात. नवख्याने आठची वेळ मागावी, ती मिळण्याची शक्यता जास्त असते.

सोत्तोकोर्नो रस्त्यावरचे दा जाकोमो हे माझ्या मते या सगळ्या प्रकाराचे मर्म आहे. जाकोमो बुल्लेरी लहानपणीच तोस्कानातून मिलानला येऊन स्वयंपाकघरात राबले, १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचे ठिकाण काढले आणि १९८९ मध्ये ते सध्याच्या जागी आणले. आतली रचना रेन्झो मोंजार्दिनो यांची आहे. रंगभूमीचे नेपथ्य आणि श्रीमंतांची घरे सजवणारा हा वास्तुरचनाकार इथे मात्र मुद्दाम साधा राहिला, आणि त्यामुळे नवखा माणूस आत येऊन 'हेच का ते?' असे म्हणतो. मासे इथली खासियत. मासे खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या मंडळींना मसाल्याविना, नुसत्या ऑलिव्ह तेलातला ताजा मासा कसा लागतो ते इथे कळेल.

माशांसाठीच साव्होना रस्त्यावरचे लांगोस्तेरिया २००७ पासून गाजते आहे. मोंक्लेर या जॅकेटच्या कंपनीचे प्रमुख रेमो रुफिनी यांच्या गुंतवणूक कंपनीने तिच्यात हिस्सा घेतला आहे, यावरून तिथे कोण जेवत असेल याचा अंदाज येईल. माणशी शंभर युरोंच्या पुढे तयारी ठेवा. डीस्क्वेअर्ड टू या घराण्याच्या मुख्यालयाच्या गच्चीवरचे चेरेझिओ सेत्ते २०१३ पासून आहे आणि तिथे दोन जलतरण तलाव आहेत. दृश्य सुंदर, पण मी तिथे जेवणापेक्षा पेयासाठी जाईन.

शेजारच्या टेबलावर ओळखीचा चेहरा दिसला तर फोटो काढू नका. कुणी ओरडत नाही, मात्र पुढच्या वेळी त्या नावाने टेबल मिळत नाही.

९. बिल आणि परतीची वाट

बिल कुणी आपणहून आणून देत नाही. ते मागावे लागते : 'इल कोन्तो, पेर फावोरे'. त्यात 'कोपेर्तो' नावाची ओळ दिसेल. ती माणशी साधारण दोन ते पाच युरोंची असते, पाव आणि टेबलाच्या मांडणीबद्दल घेतात आणि खाद्यसूचीत छापलेली असते. पाण्याच्या बाटलीचेही पैसे पडतात. बक्षिशी सक्तीची नाही. सेवा आवडली तर काही युरो टेबलावर ठेवले तरी पुरे. चौघांत चार कार्डांनी बिल वाटायचे असेल तर मागवतानाच सांगावे, शेवटी सांगितले तर गल्ल्यावर रांग अडते.

मेट्रो रात्री साडेबाराच्या सुमारास थांबते आणि जेवण सहज त्या वेळेपर्यंत लांबते, तेव्हा दा जाकोमोला जाणार असाल तर जवळच्या निळ्या मार्गाची शेवटची गाडी आधी पाहून ठेवा. मेट्रोच्या दारावर बँकेचे कार्ड टेकवले की वेगळे तिकीट लागत नाही, फक्त बाहेर पडतानाही तेच कार्ड टेकवा. आणि निघण्यापूर्वी त्या दिवशी वाहतुकीचा संप, म्हणजे 'शोपेरो', जाहीर झाला आहे का ते बघा. तो बऱ्याचदा शुक्रवारी असतो, आणि शुक्रवारचेच टेबल मिळवायला आपण सर्वांत जास्त फोन केलेले असतात.